पडद्यावर ३.८, पोटात शून्य

गुरुवार, २० ऑक्टोबर २०२२. दुपारचे चार.

पंधरा तास शिल्लक होते. कशाला, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच. मी कर्नाटक सीमेलगतच्या जतमधल्या घराच्या माडीवर पंख्याखाली बसून दुधाच्या बिलाच्या मेसेजचा मजकूर लिहीत होतो. ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ हे आधी टाकावं की शेवटी, एवढाच प्रश्न होता. आधी टाकलं.

आमच्या भागात दूध घालणाऱ्याला दर दहा दिवसांनी पैसे मिळतात. एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. त्याला दुधाचा पगार म्हणतात. वीस तारखेच्या संध्याकाळचं दूध गोळा झालं की मधले दहा दिवस बंद होणार होते, आणि एकवीसला वसुबारस. गाय-वासराच्या पूजेच्या दिवशी सकाळी सातला प्रत्येकाच्या फोनवर पगाराची रक्कम पडावी, ही कल्पना माझी. सर्व्हरवर तशी वेळ लावली तीही मीच. डेअरीच्या चेअरमनना सगळे आण्णाच म्हणतात, त्यांनी विचारलं होतं, “आदल्या रात्री एकदा आकडं नजरंखालनं घालूया का?” मी म्हणालो, “आण्णा, ते ऑटोमॅटिक हाय.”

डेअरीचं नाव सांगत नाही. चूक तिची नव्हती.

संध्याकाळी पावणेसहा. सव्वातेरा तास.

चौदा केंद्रांवर संकलन सुरू झालं. पश्चिमेला डफळापूर-शेगावच्या बाजूला सहा, पूर्वेला संख-उमदीकडं आठ. पश्चिमेकडं बोलणं मराठी. पूर्वेकडं घरात कन्नड, बाजारात दोन्ही. सगळीकडं रीत एकच. किटली आली की दूध ढवळायचं, वाटीभर नमुना फॅटच्या मशीनला लावायचा, उरलेलं काट्यावर. लिटर संकलक स्वतः फोनातल्या माझ्या ॲपमध्ये टाकतो; फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांशाखेरीजचे घनपदार्थ, मशीनकडून ब्लूटूथनं आपोआप फोनात येतात. तेच आकडे तो उत्पादकाच्या कार्डावर पेनानं लिहितो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही पायरी. तिच्याखाली प्रत्येक पॉइंटला दर कापला जातो. म्हणजे दशांशचिन्हाच्या पुढच्या एका आकड्यावर कुणाच्या तरी घरचा किराणा अवलंबून असतो. मला हे माहीत होतं, पण माहीत असणं आणि ध्यानात असणं यांत फरक आहे.

दर मात्र केंद्रावर दिसत नसे. तो दहा दिवसांनी बिलाच्या वेळीच लागायचा. रोज ऑफिसात बघितले जायचे ते फक्त लिटर, कारण टँकर लिटरवर भरतो.

साडेसात.

पश्चिमेकडच्या एका केंद्रावरून फोन. “सर, ह्या येळंला सरासरी फॅट लई कमी दावतंय. शून्य पॉइंट चार.”

“मशीन धुतलं का?”

“रोजच धुतोय की.”

“परत एकदा धुवा.”

ॲप लिहिणारा माणूस पहिला संशय नेहमी दुसऱ्याच्या यंत्रावर घेतो. त्या संकलकानं बिचाऱ्यानं मशीन खरंच परत धुतलं.

रात्री सव्वानऊ. पावणेदहा तास.

दुसऱ्या गावाहून फोन. हा माणूस जरा तिखट. “कार्डावर रोज तीन-आठ, तीन-नऊ लिवलंय. तुमच्या फोनातबी तवा त्येच दिसतंय. मग बेरजंत शून्य कुटनं येतंय? आमच्या म्हशी-गाई काय पाणी देत्यात काय?”

तेव्हा मी ताट बाजूला सारलं. दोन गावं, दोन मशिनं, एकच तक्रार.

अकरा. आठ तास.

सर्व्हरवरचा तक्ता उघडला. अकरा तारखेपासूनच्या नोंदी गावागावानं लावल्या आणि पोटात खड्डा पडला. पूर्वेकडच्या आठही केंद्रांचे आकडे चोख. पश्चिमेकडच्या सहाही केंद्रांवर फॅट शून्य, एसएनएफ शून्य, लिटर बरोबर. जणू कुणीतरी तालुक्याच्या मधोमध रेघ ओढून एका बाजूच्या दुधातला स्निग्धांश काढून घेतला होता.

अशी भौगोलिक चूक मी जन्मात पाहिली नव्हती. मोबाइलचं टॉवर? मग लिटर कसे आले? मशीनची कंपनी? दोन्हीकडं एकाच कंपनीची मशिनं होती. फोनचं मॉडेल? कुठं हे, कुठं ते. एकदा तर मनात आलं की कुणी मुद्दाम केलं का. रात्री अकराला असं मनात येतं.

एक धागा मात्र दिसत होता. त्या शून्यांच्या रानात मधूनच एखादी नोंद खरी होती. तेरा तारखेची सकाळ: ३.७. सोळाची संध्याकाळ: ३.९. वेळा उतरवून घेतल्या आणि त्याच तिखट संकलकाला फोन लावला. तो झोपलेला नव्हता.

“तेराला सकाळी काय झालं हुतं?”

“लाइट नव्हती. बॅटरीबी उतरली. मग मशीन कुटलं चालायला? कालचं फॅट हातानं टाकलं.”

“आणि सोळाला?”

“त्येच.”

वीज गेली की बरोबर, वीज आली की चूक. हातानं टाकलेला आकडा टिकतो, यंत्रानं पाठवलेला मरतो.

एक वाजून दहा मिनिटं. सहा तासांना दहा मिनिटं कमी.

इथं डेटा बाइंडिंगबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ॲपमध्ये एक असतो पडदा, म्हणजे दिसणारे चौकोन, आणि एक असते आतली वही, जिच्यात खरे आकडे राहतात. पूर्वी या दोघांमधली ने-आण प्रोग्रामर ओळ न् ओळ लिहून करायचा. अँड्रॉइडसाठी गूगलनं २०१५ मध्ये डेटा बाइंडिंगची सोय आणली: वहीतला आकडा चौकोनाला बांधून टाका, तो बदलला की पडदा आपोआप बदलेल. ही एकतर्फी जोडणी म्हणजे म्हैसाळच्या कालव्यासारखी, पाणी पुढंच जाणार. दुतर्फा जोडणीत ते मागंही येतं: पडद्यावर काही बदललं की वहीत लिहिलं जातं. मग वही बदलली म्हणून पडदा बदलतो, पडदा बदलला म्हणून वही, आणि सांभाळलं नाही तर हे रहाटगाडगं थांबतच नाही.

माझ्या फॅटच्या चौकोनाला दुतर्फा जोडणी होती, कारण मशीन बंद असेल तर हातानं टाकता यावं. आणि दहा तारखेच्या रात्री मी नेमकी त्याच चौकोनाची दुरुस्ती केली होती. आकडा टाकताना कर्सर उड्या मारतो, अशी पूर्वेकडून तक्रार आली होती. गाडगं फिरत होतं. मी एक ओळ काढली: वहीत मागून आलेला आकडा लिहिला की ‘बदल झाला’ अशी हाळी पडद्याला द्यायची नाही. कर्सर शांत झाला. संकलक खूश, मी खूश.

आता मी तेच ॲप माझ्या फोनवर चालवलं, मशिनाऐवजी खोटा आकडा पाठवला. ३.८ आलं, ३.८ दिसलं, ३.८ साठलं. पुन्हा केलं. दहा वेळा केलं. बरोबर, बरोबर, बरोबर. चूक सापडत नाही यापेक्षा चूक होतच नाही हे जास्त छळतं.

दोन चाळीस.

वडिलांचा फोन खालच्या खोलीत चार्जिंगला होता. माझ्या फोनवर होत नाही, बघू दुसऱ्यावर, एवढाच विचार. दुसरा काही सुचत नव्हता म्हणून.

ॲप टाकलं, खोटा आकडा पाठवला. पडद्यावर ३.८. साठवला. वही उघडली. शून्य.

पुन्हा. पडद्यावर ३.८, वहीत शून्य.

दोन्ही फोन शेजारी धरले आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. दोन्हीकडं तीन-पॉइंट-आठच होतं. पण माझ्या फोनवरचा तीन इंग्रजी होता. वडिलांच्या फोनवरचा मराठी.

त्यांचा फोन मराठीत होता. मीच करून दिला होता, त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी. त्या दिवशी डेअरीच्या ग्रुपवरही मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आपापले फोन मराठीत करा. पश्चिमेकडच्या सहाही संकलकांनी ते मनावर घेतलं. पूर्वेकडच्यांपैकी काहींचे फोन कन्नडमध्ये, उरलेल्यांचे इंग्रजीत. आणि सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा फोन इंग्रजीतच.

तालुक्यातली ती रेघ भाषेची होती. पुढं महिन्याभरानं कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगण्याचा विषय काढला, टीव्हीच्या गाड्या आल्या आणि माइक पुढं करून विचारू लागल्या, तुम्ही मराठी की कन्नड? माझ्या ॲपनं हा प्रश्न त्याआधीच विचारून, उत्तर घेऊन, दंडही लावला होता. आणि तो मराठीला.

तीन वाजून गेलेले.

कारण एकदा दिसलं की ते लाजिरवाणं सोपं असतं. मशिनाकडून आलेला आकडा चौकोनात दाखवायचा तर त्याची अक्षरं करावी लागतात. ती करताना कुठल्या भाषेची, हे मी सांगितलं नव्हतं. न सांगितल्यास फोन स्वतःची भाषा घेतो. कुठल्या भाषेचे आकडे कुठल्या लिपीत, हे अँड्रॉइड युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या कोठारातून उचलतो. त्यात मराठीचे नेहमीचे आकडे देवनागरी आहेत. नेपाळीचेही. हिंदीचे मात्र इंग्रजी वळणाचे, कन्नडचेही तसेच. लिपी एक असून हिंदी आणि मराठीत हा फरक का? संविधानाच्या ३४३ व्या कलमानं केंद्राच्या कारभारासाठी आंतरराष्ट्रीय वळणाचे आकडे ठरवले, हिंदीला तीच सवय लागली असावी असा माझा तर्क. महाराष्ट्रात मात्र कागदपत्रांपासून कॅलेंडरापर्यंत देवनागरी आकडे अजून टिकून आहेत. म्हणजे कोठार लिहिणाऱ्यांनी आमचं बरोबरच ओळखलं होतं.

तर पडद्यावर मराठी ३.८ उमटलं. जोडणी दुतर्फा, म्हणून ते लगेच मागं निघालं, अक्षरांचा पुन्हा आकडा व्हायला. आणि इथं जावा भाषेची एक गंमत आहे. पूर्णांक वाचणारं तिचं यंत्र देवनागरी आकडेही वाचतं; त्याला ३८ दिलं तर अडतीस कळतात. दशांश वाचणारं यंत्र मात्र फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. मराठी ३.८ दिलं की ते ओरडतं: हा आकडाच नव्हे. ते ओरडलं तर ॲप बंद पडायला नको म्हणून मीच कधीतरी लिहून ठेवलं होतं की असं काही झालं तर शून्य धर. आणि वहीत शून्य पडलंय हे पडद्याला कळायची जी हाळी होती, ती मी दहा तारखेला काढली होती.

त्यामुळे पडद्यावर ३.८ तसंच राहिलं, पोटात शून्य गेलं. संकलकानं पडदा बघून कार्डावर ३.८ लिहिलं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते.

हातानं टाकलेलं का वाचलं? त्यांच्या फोनच्या आकड्यांच्या कळफलकावर इंग्रजी आकडेच उठत होते. अक्षरं करायची पायरी त्या वाटेत नव्हतीच.

जगात ही चूक नवी नाही. फोन तुर्की भाषेत असला की इंग्रजी मोठ्या आयचा छोटा आय बिनटिंबाचा होतो आणि चांगली चालणारी सॉफ्टवेअरं कोलमडतात, हे प्रोग्रामर मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आली आहेत. मीही मुलाखतींत हा किस्सा ऐकवून भाव खाल्ला होता. तुर्कस्तानातली चूक पाठ, डफळापूरची नाही.

चार वाजून दहा. दोन तास पन्नास मिनिटं.

दुरुस्ती एका शब्दाची. आकड्याची अक्षरं करताना ‘इंग्रजी’ असं सांगितलं, झालं. त्या ओळीखाली पिवळी रेघ होती. अँड्रॉइडचा लिंट नावाचा तपासनीस ती मारतो: भाषा सांगितलेली नाही, यातून चुका होतात. माझ्या प्रोजेक्टमध्ये अशा दोनशेवर पिवळ्या रेघा होत्या. मी त्या बघायचं कधीच सोडलं होतं.

शून्य धरण्याची ओळही काढली. आकडा कळला नाही तर लाल चौकट दाखव, साठवू नकोस. वडिलांच्या फोनवर पाच वेळा बघितलं. ३.८, ३.८, ३.८.

पाच वीस.

नवं ॲप सहाही केंद्रांना पाठवलं, फोन करून टाकून घेतलं. सकाळच्या पहिल्या किटलीचे आकडे सर्व्हरवर आले. शून्य नव्हते. इतका हलका झालो की जिना उतरताना शीळ घातली.

आई उठली होती. काळा चहा पुढं केला.

“दूध?”

“आज वसुबारस नव्हं? दूध न्हाई की गहू न्हाई.”

रात्रभर दुधासाठी जागलेल्या माणसाला बिनदुधाचा चहा. हसलो. वीस मिनिटं पडतो म्हणालो. फोन वरच माडीवर राहिला होता.

इथं वाचकाला जे दिसतंय ते मला दिसलं नाही. मी नळ दुरुस्त केला होता. हौदातलं दहा दिवसांचं पाणी तसंच होतं, आणि सातच्या ठोक्याला त्याचं दार उघडायचा हुकूम मीच देऊन ठेवला होता.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर. सकाळचे सात.

मेसेज गेले.

मजकूर मी दुपारी लिहिला तसाच. दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. एकूण दूध इतके लिटर. सरासरी फॅट ०.४. एकूण रक्कम शंभर-दोनशे, काहींची चक्क शून्य. त्याखाली पशुखाद्याची कपात. शून्यातून पेंडीच्या पोत्याची किंमत वजा केली की काय उरतं ते ॲपनं इमानदारीनं काढलं होतं. पश्चिमेकडच्या चारशेच्या आसपास घरांत दिवाळीच्या पहिल्या दिवशी डेअरीनं कळवलं की पैसे तुम्हाला मिळायचे नाहीत, उलट तुम्हीच डेअरीचं देणं लागता.

सात वाजून बारा मिनिटांनी आईनं हलवून उठवलं. “वर तुझा फोन सारखा वाजतोय.”

आण्णांचे नऊ मिस्ड कॉल. दहावा उचलला. ओरडतील असं वाटलं होतं. ते हळू बोलले, ते जास्त लागलं. “काय रं, ऑटोमॅटिक हाय म्हणत हुतास न्हवं?”

साडेआठ.

डेअरीच्या पुढं दुचाक्यांची रांग. बायका पूजेचं ताट घरी ठेवून आलेल्या, काही जणी तशाच लुगड्याला हात पुसत. एकानं पेंडीचं रिकामं पोतं आणून आण्णांच्या टेबलावर आपटलं: “घ्या, वजा करा ह्येबी.” पूर्वेकडची एक आजी, लेकीच्या गावी दिवाळीला आलेली, जावयाच्या फोनात डोकावून मोठ्यानं म्हणाली, “एल्ला सोन्ने!” सगळं शून्य. कन्नड न येणाऱ्यांनाही ते कळलं.

मी समोर उभा राहून सांगितलं की चूक माझी, मशिनाची नाही, तुमच्या दुधाची नाही, संकलकांची नाही. फोन मराठीत होते म्हणून असं झालं, हेही सांगितलं. ते कुणाला पटलं नाही. मलाही ते उच्चारताना खोटं वाटलं.

“मग आता काय?” आण्णा म्हणाले.

तेव्हा तो तिखट संकलक पुढं झाला आणि खिशातून कार्डांचा गठ्ठा काढला. पडद्यावर दिसलेला प्रत्येक आकडा त्यावर होता. पेनानं. दोन वेळचा. दहा दिवसांचा.

पुढं १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीचं प्रकरण झालं तेव्हा मला हा गठ्ठा आठवला. आपल्या वेळेनं सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी त्यांनी एक फाइल सोडली. एका बाजूनं २१ रकाने मागितले होते, दुसरी बाजू २०च पुरवत होती. ७८ मिनिटांत त्यांनी ती मागं घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या हिशेबानं ८५ लाख संगणक आडवे झाले होते. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. लोक त्यांचे फोटो काढून हसले. मी हसलो नाही.

सकाळी दहा ते रात्री पावणेअकरा.

सहा केंद्रांची कार्डं गोळा करायला दुपार झाली. मी, आण्णांचा पुतण्या, ऑफिसातल्या दोन मुली, चार संगणक. आठ हजारांच्या घरात नोंदी. कार्डं मराठीत, आकडे मराठीत, आणि घाईत लिहिलेले मराठी एक आणि नऊ हे सख्खे भाऊ. ३.१ असेल तर दर कापायचा, ३.९ असेल तर चढवायचा. शंका आली की त्या घरी फोन. बहुतेकांना विचार करावा लागला नाही. एक आजी, जिला कार्ड वाचता येत नव्हतं, म्हणाली, “चौदाच्या सांजंला? तीन-नऊ. त्या दिशी मका घातली हुती. पंधराला सकाळी तीन-सात, वासरू सुटून पिलं हुतं.” कार्ड बघितलं. ३.९ आणि ३.७.

संध्याकाळी आण्णांनी डेअरीच्या दारातच एक गाय-वासरू उभं करून पूजा उरकली. कुणीतरी गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी आणून दिली. ती किबोर्डाशेजारी ठेवून खाल्ली.

पावणेअकराला शेवटचं कार्ड संपलं. नवी बिलं काढली. या वेळी आण्णांनी चष्मा लावून सहाही गावांचे आकडे एकेक करून बघितले, मी शेजारी उभा. दीड तास लागला. मग मेसेज गेले, शुभेच्छांशिवाय.

निघताना फोन वाजला. संखच्या बाजूचा संकलक, ज्याचा फोन कन्नडमध्ये आणि ज्याच्या नोंदीत दहा दिवसांत एकही चूक नव्हती.

“सर, आमच्याकडं पण नवं ॲप टाकायचं काय?”

“नको,” मी म्हणालो. “सध्या हाय तसंच असू दे.”